दाओनच्या बॅटरीचे त्र्याण्णव टक्के

दाओन बाळा,

परीक्षेला जाताना तू घरी ठेवलेला फोन मी दुरुस्तीवाल्या प्योकडून तपासून आणला. बॅटरीची तब्येत त्र्याण्णव टक्के! नव्वदच्या खाली गेली तर शाळा संपेपर्यंत फोन कपाटात, असं तुझी आई म्हणाली होती ना? जिंकलीस!

प्यो म्हणाला, "आजोबा, दोन वर्षं वापरलाय हा? चेष्टा करता का!" मी छाती फुगवून सांगितलं, "नात ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढते. मीच शिकवलंय."

मग त्याने माझाही तपासला. तुझ्याबरोबरच घेतलेला, मीही ऐंशीलाच थांबणारा, तरी निघाले ब्याऐंशी. थंडीत मी तो घरातल्या खालून तापवलेल्या जमिनीवर, दुलईखाली चार्जिंगला लावतो. तू सांगत होतीस, "आजोबा, फोन आहे तो, रताळं नाही. भाजू नका." मी नुसता हसायचो. ऐंशीचा नियम खराच, पण उष्णतेचा धडा तू मला दिलास.

किंबाप झाकून ठेवलाय, खाऊन घे. आईला फोन करू नकोस. प्योने लिहून दिलेला कागद घेऊन मी तिच्या दुकानात निघालोय. तिचा चेहरा मला स्वतः बघायचाय, आणि माझा आकडाही तिला मीच सांगणार आहे.

आजोबा