लातूर जिल्हा होईल तेव्हा

२० जून १९८२

आप्पांशी बोलणार नाही. या जन्मात नाही!

बारावीला फर्स्ट क्लास आला. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा. आणि संध्याकाळी थोरले काका ओट्यावर बसून म्हणतात, "शिकली तेवढी बास. औंदा पावसाचा पत्ता न्हाई. निलंग्याचं स्थळ हाय, उरकून टाकू." काकांच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी जात नाही.

मी आप्पांकडे बघत होते. एरवी पेपर वाचून झाला की गल्ल्याशेजारी ठेवतात, ज्याला वाचायचा त्यानं वाचावा. आज मांडीखाली दाबून बसलेले. मग म्हणाले, "अण्णा, लातूर जिल्हा होऊ द्या. मग उमा लातूरच्या कॉलेजात. त्याच्या आदी न्हाई." वर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ!

काका हसता हसता खोकायला लागले. "हाव, कबूल! जिल्हा जिल्हा ऐकून म्हातारे होऊन राहिलो आपण!"

माझं आयुष्य म्हणजे यांना चेष्टा वाटते. रडून रडून डोकं दुखतंय.

२४ जून

माझ्या वर्गातली सिंधु राठोड लातूरला गेली. तिची आई रोजगार हमीवर खडी फोडते, तांड्यात चौथीच्या पुढे शाळा नाही. तरी गेली! फी माफ, वसतिगृह मिळालं. एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "तुमचं तर बाजारात दुकान हाय. तुला काय कमी?" काय सांगणार? हेवा वाटला. हेवाच, दुसरं काही नाही.

२ जुलै

चौकात फटाके! पंधरा ऑगस्टपासून लातूर जिल्हा — पहिल्या पानावर, ठळक!

अव्वा भाकरी थापता थापता लेकीकडे बघून हसत होती आणि डोळेही पुसत होती. काका तणतणत आले. "मी हसण्यावारी बोललो होतो!" आप्पा अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "अण्णा, मी तर लिंगावर हात ठेवला. आता शब्द मोडू कसा? तुमीच सांगा."

काका दिवसातून तीन वेळा लिंगपूजा करणारे. मोड म्हणतील कसे? बराच वेळ मिशी ओढत बसले. मग म्हणाले, "पंधरा ऑगस्ट म्हंजे पंधरा ऑगस्ट. त्याच्या आदी लातुरात पाऊल टाकायचं न्हाई."

आप्पांशी बोलले. थोडंसं.

१८ जुलै

सिंधु सुटीला आली. वर्ग सुरू झाले. बीएस्सीचे प्रवेश बंद! काकांना हे माहीत होतं. म्हणूनच तर पंधरा ऑगस्टची अट.

१ ऑगस्ट

निलंग्याचे लोक बघायला आले. "मुलीला काय काय येतं?" मी म्हटलं, "फिजिक्स." अव्वानं पदर तोंडाला लावला. ते चहा पिऊन गेले, अजून निरोप नाही. छान!

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. जिल्हा झाला. पाऊस नाही. आप्पा म्हणाले, "पहाटेची गाडी."

१६ ऑगस्ट

लातूर. रस्त्यात कमानी, पताका.

प्रिन्सिपॉल मान वर न करता म्हणाले, "प्रवेश कधीच संपले. एवढा उशीर?"

"उशीर?" आप्पा म्हणाले. "सायेब, जिल्हा काल झाला. पोरगी आज हजर हाय!"

साहेबांनी मान वर केली. मार्कशीट बघितली. मग खो खो हसले. दुष्काळामुळे दोन मुली नाव काढून गावी गेल्यात, जागा आहे, म्हणाले. त्या दोघींचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण जागा घेतली. घेणारच!

सिंधुनं व्हरांड्यातून अशी हाक मारली की शिपाई ओरडला. तिच्याच बाकावर बसले, अगदी पुढे. झाले मी बीएस्सीची!

१७ ऑगस्ट

राहायला मावशीकडे. आप्पांना एसटीत बसवायला गेले. म्हटलं, "आप्पा, जिल्हा झालाच नसता तर?"

गाडी हलली. खिडकीतून म्हणाले, "त्या दिवशी मांडीखालच्या पेपरात आतल्या पानावर बारीक बातमी होती, पोरी. तुझे काका पेपर वाचत न्हाईत."