मागील पडवीतील अकरा दगडांबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या हद्दीचे पोलीस ठाणे, जि. सिंधुदुर्ग

विषय: अर्जदाराला चोरांच्या टोळीतील बाई ठरवणाऱ्या फोटोचा खुलासा आपण स्वतः गावात येऊन करणेबाबत.
संदर्भ: १) ‘आपली खारेवाडी’ व्हॉट्सॲप ग्रुपवरील दि. ४ ऑक्टोबरचा फोटो. २) माहिती अधिकारात आपल्याच ठाण्याने दिलेले उत्तर.

महोदय,

अर्जदार सुभद्रा हरिश्चंद्र कुबल, वय ५८, धंदा मासेविक्री, रा. खारेवाडी, ता. मालवण, हिचे म्हणणे येणेप्रमाणे:

१. अर्जदार गेली एकतीस वर्षे डोक्यावर पाटी घेऊन वाडीत मासे विकते. घरात माणूस नसेल तर मागील पडवीत रिकामा टोप ठेवलेला असतो. अर्जदार त्यात बांगडे ठेवते, वर झाकण आणि झाकणावर दगड. दगड मांजरासाठी. ही पद्धत अर्जदाराच्या सासूपासूनची आहे.

२. मुंबईस नोकरीला असलेले श्री. दीपेश पराडकर यांनी आई पार्वतीबाई यांच्या काळजीपोटी मागील दारी कॅमेरा बसवला. त्यात दि. ३ रोजी एक बाई दिसली. डोक्यावरून पदर, इकडेतिकडे बघते, काहीतरी लपवते, दगड ठेवून जाते. दीपेश यांनी मुंबईहूनच फोटो टाकला आणि खाली लिहिले की, लुटायचे घर ओळखू यावे म्हणून टोळी असे दगड ठेवते. ती बाई मांजर कुठे आहे ते बघत होती, हे मुंबईहून दिसत नाही. दुपारपर्यंत अकरा घरांत दगड सापडले. सापडणारच.

३. अर्जदार लपवत नाही. तो फोटो पाहून तीही घाबरली. तिने तो तीन ग्रुपवर पुढे पाठवला, दाराला नवे कुलूप घातले, उशाशी कोयता घेतला आणि दोन दिवस पाटी उचलली नाही. आपलेच दगड तिच्या डोक्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सून अनुजा हिने फोटो मोठा करून दाखवला, तेव्हा साडीच्या काठावरून अर्जदाराला टोळीतली बाई सापडली. तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. आता हसू येत नाही.

४. अनुजाने लगेच ग्रुपवर खुलासा लिहिला. फोटो दोनशे बारा जणांनी पाहिला होता, खुलासा नऊ जणांनी. दुसऱ्या दिवशी अर्जदार पार्वतीबाईंकडे गेली. त्या खिडकीच्या गजांतून म्हणाल्या, “सुभद्रा, तू कोण तां माका म्हायत आसा गो. पण दार उघडूक भ्या वाटता.” अर्जदाराने विचारले, “तू माका भितंस?” त्या म्हणाल्या, “तुका नाय गो. त्या फोटोतलीक.” साहेब, पार्वतीबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांना पेज अर्जदाराने भरवली आहे. त्या दिवशी पाटी जड झाली.

५. आपल्या उत्तरानुसार तीन वर्षांत वाडीत चोरी एकच झाली, होडीच्या इंजिनाची बॅटरी. ती मालकाच्या मेव्हण्याने नेली होती. त्या वेळी कोणी कडीसुद्धा लावली नाही. आता काहीच चोरीला गेलेले नाही, तर सहा कॅमेरे आले, वाडीतल्या पोरांचे लाठीवाले गस्तीपथक आले, आणि पथकाने ठराव केला की अर्जदाराने गळ्यात फोटोचे ओळखपत्र घालून फिरावे. अर्जदार ते घालणार नाही. फोटोनेच हे सगळे केले आहे. आणि ज्या वाडीत तिच्या हाकेवर मांजरेसुद्धा धावत येतात, तिथे तिने ओळख पटवायची ती कोणाला?

६. तरी आपण गणवेशात येऊन देवळापुढे उभे राहून ही बाई कोण ते सांगावे. न आलात तरी सोमवारी अर्जदार पाटी घेऊन निघणार आहे. दारे बंद असली तरी मागील पडवीत जाणार, टोपात बांगडे ठेवणार आणि वर दगड ठेवणार. हा गुन्हा असल्यास शोधपथक पाठवू नये. अर्जदार साडेसात वाजता पार्वतीबाईंच्या मागील दारी, कॅमेऱ्याकडे तोंड करून, पदर मागे टाकून उभी असेल.

आपली नम्र, पण दार उघडेपर्यंत न हलणारी,
सुभद्रा हरिश्चंद्र कुबल
(सही स्वतःची. टाइप सुनेने केले.)
दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१) फोटोची प्रत
२) माहिती अधिकारातील उत्तर
३) दगड, नग एक. तपासानंतर परत मिळावा. मांजर अजून आहे.