वाटणीत न बसलेले एक्केचाळीस गेम

१४ सप्टेंबर, रविवार

झाली एकदाची वाटणी! पंच बबनमामा. शेत निम्मं-निम्मं, म्हशी एकेक, शिरूरचं घर दत्तादादाला, बदल्यात रस्त्याकडचा प्लॉट मला. गेमच्या डिस्क अकरा — त्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सहा मला! दादाचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग घोडं अडलं. आणखी एक्केचाळीस गेम दोघांनी मिळून विकत घेतलेले, पण सगळे ऑनलाइन, दादाच्या खात्यावर. मामा म्हणाले, "आणा हितं." म्हटलं, ते हातात येत नाहीत. "मंग हायेत कुठं?" गेमच्या कंपनीकडं. "सातबारा कुणाच्या नावावर?" कंपनीच्याच. मामांनी चष्मा काढला. "म्हंजी पैसं तुमचं आन् मालक दुसराच. तुमी नुसती कुळं! कुळांनी वाटणी कशाची करायची?"

शेवटी निकाल — खातं सामाईक, विहिरीसारखं. ज्याची पाळी त्यानं खेळायचं.

निघताना दादा म्हणाला, "आता तुझं तू, माझं मी." बरं!

१९ सप्टेंबर

सणसवाडीत खोली घेतली. कामाला न्यायला कारखान्याची बस दारात. गेमचं सेकंडहँड मशीन आणलं, खातं उघडायला गेलो — ओटीपी दादाच्या मोबाईलवर! आम्ही तर बोलत नाही. "ओटीपी" एवढंच लिहून पाठवलं. सहा आकडे आले. मागं-पुढं एक अक्षर नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला गेलो नाही, तोही आला नाही. पाळी माझी असताना दादा खात्यात घुसला — मी बाहेर. मी घुसलो — तो बाहेर. असं सातदा. सणाचं येणं-जाणं म्हणायचं ते एवढंच.

११ नोव्हेंबर

दोन महिने आमच्यात फक्त सहा आकडी बोलणं. परवा खेळायचं नव्हतं, तरी ओटीपी मागवला. दादाची आठवण येते. इथं लिहून ठेवतो, त्याला सांगणार नाही.

४ डिसेंबर

खातं कायमचं बंद! मशीन लावलं तर पडद्यावर गेमच्या कंपनीची नोटीस — एकच खातं दोन घरांतून वापरल्याचं आढळलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गेले. कंपनीला वाटणी मान्य नाही!

तेवढ्यात दादाचा फोन. मेसेज नाही, फोन! "विशा, तुझंबी बंद झालं का रं?" पाऊण तास दोघांनी मिळून कंपनीला शिव्या घातल्या. मग धीर करून विचारलं, रविवारी येऊ का?

"इचारतो काय? घर तुझं न्हाई व्हय?"