मंगलचं कार्ड

४ जून
आज अकरावा दिवस. थांबत नाही. पुरुष होण्याची इंजेक्शनं सुरू केल्यापासून सहा वर्षं पाळी बंद होती. आता दुकानात कळ आली की गिऱ्हाईकाच्या गालावरून वस्तरा उचलून उभं राहावं लागतं. लष्करी कॅम्पातले जवान दाढीला हलत नाहीत म्हणून बरं.
सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत. बाबूने आधार बघितलं, दाढी बघितली. "पुरुषाचा पेपर स्त्रीरोगाला निघत नाही." निघाला तो मानसोपचाराचा. आधारवर 'पुरुष' करून घ्यायला दोन वर्षं हेलपाटे घातले. घ्या आता.

९ जून
खाजगीत सोनोग्राफी. भिंतीवर पाटी, इथे गर्भलिंगनिदान होत नाही. माझं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या चौघांनी केलं, दार सताड उघडं. डॉक्टर म्हणाला, "लाजतोस कशाला? की लाजतेस?" सगळे हसले. मीही हसलो. राग माझ्या त्या हसण्याचाच येतोय.
पिशवीत गाठ.

१२ जून
ट्रस्टच्या हॉस्पिटलात एक बऱ्या डॉक्टर मॅडम भेटल्या. आधी गाठीचा तुकडा तपासायचा, मग बहुतेक पिशवी काढायची. पण सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत पुरुषाच्या नावावर हे ऑपरेशन बसत नाही, कॉम्प्युटर घेतच नाही. मॅडम हळू आवाजात, "कुणा बाईचं कार्ड असेल तर आणा. फोटो कुणी निरखत नाही."
आई लगेच म्हणाली, "मंगलचं आणते." मंगल म्हणजे ताई, सायखेड्याला दिलेली. आमचे नाकडोळे एकच. दाढी सोडली तर.

१५ जून
दुकान उघडायच्या आधी स्वतःच्या खुर्चीत बसलो. साबण, वस्तरा. गिऱ्हाईकाला विचारतो तसं तुरटी लावू का, असं आरशाला विचारलं.
रडलो. लिहून ठेवतो, नंतर नाकारायला नको.

१८ जून
बायकांचा वॉर्ड. ताई कार्ड घेऊन चार दिवस माहेरी आलीय. तिचाच गाऊन, कपाळाला टिकली. आवाज जाड, म्हणून बोलायचं नाही. "घसा बसलाय तिचा," आई सगळ्यांना सांगते. 'ती' म्हणताना एकदाही अडखळली नाही. 'तो' म्हणताना अजून अडखळते.
तुकडा काढला. मावशी पुसताना म्हणाली, "मंगलाबाई, मिशी काढत जा. नवरा टाकील."

२५ जून
कॅन्सर. लवकर सापडलाय, लगेच काढला तर सुटाल, असं मॅडम म्हणाल्या.
कार्डाला ताईच्या घरचा नंबर जोडलेला. तो फोन सासूपाशी. हॉस्पिटलातून थेट तिलाच कळवलं. ताई माहेरी आली होती ती तपासायलाच, असं तिने धरलं. संध्याकाळी ताई दारात, हातात एक पिशवी. पोरं तिकडेच. सासू म्हणाली म्हणे, "लागट रोग हाय, लेकरांजवळ नको. बरी झाली तर बघू." भावजी शेजारीच उभे होते.

२८ जून
म्हटलं, खरं सांगून टाकू. ताई कांदा चिरत होती. "सांग. मला पोरं मिळतील, तुला मसणवाट." मग म्हणाली, आधी ऑपरेशन होऊ दे. मग धाकट्या पोराला फोन लावत बसली. आजी फोन देत नाही.
तिच्यासाठी 'नको मला ऑपरेशन' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. जगायचंय मला. उलट तिच्यावरच चिडलो, भाजी खारट झाली म्हणून.

२ जुलै
भरती झालो. फॉर्मवर नवऱ्याची सही लागते. हे कुणालाच सुचलं नव्हतं. पिशवी बाईची, सही नवऱ्याची. मॅडम म्हणाल्या, इथली रीतच आहे, माझा इलाज नाही.
ताईने भावजींना फोन केला. "उद्या येतो," एवढंच.

३ जुलै
आले. खाटेवर हिरव्या गाऊनमध्ये मी, शेजारी ताई धडधाकट. त्यांना उमगायला वेळ लागला नाही. लग्नात "हे ध्यान मांडवात नको" म्हणून यांनीच मला मागच्या खोलीत बसवलं होतं. आता माझा जीव यांच्या सहीवर.
सिस्टरने फॉर्म आणि पेन दिलं. ती वळल्यावर ताई म्हणाली, "सही करा. मग माझं काय करायचं ते करा."
भावजी माझ्या गुळगुळीत गालांकडे बघत राहिले. "तंबाखू खाऊन येतो." फॉर्म घेऊनच खाली गेले.
दहाला आत नेणार. पावणेदहा झालेत. ताई खिडकीशी उभी आहे. विचारलं, खाली त्यांची गाडी आहे का. दोनदा विचारलं. ती सांगत नाही.