पहिल्या टप्प्याचा सपाट माथा

३ मार्च

गेटसभेत पाऊण तास बोलले. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या तात्यांचं धोक्याच्या भोंग्याचं सर्किट निर्दोष होतं, दोषी आहेत ते देखभालीला कात्री लावणारे साहेबलोक — असं ठणकावलं. टाळ्याच टाळ्या. फिटर पुढेच उभा होता, उजवी बाही पिनेने मिटलेली. मशीन बेभान हादरलं आणि भोंगा वाजलाच नाही, म्हणून याचा हात गेला. आठ दिवसांत त्या धसक्याने तात्या गेले.

खाली उतरले तर तात्यांच्या लेकीने मनगट धरलं. "ताई, गुरुवारी अपघाताच्या चौकशीतही अशीच बोल. बाबांवरचा डाग गेला पाहिजे."

पुराव्यासकट बोलेन म्हटलं.

४ मार्च

हादरे मोजणारा तात्यांचा फिल्टर संगणकावर उभा केला. आधी आदर्श ऑप-अँप, म्हणजे लाट मोठी करणारी पुस्तकातली बिनचूक चिप, घातला — लाट गुळगुळीत, भोंगा वाजतो. मग आमच्या खऱ्या चिपचं मॉडेल घातलं, पाच व्होल्टचा पुरवठा दिला. लाट वेडीवाकडी. भोंग्याच्या पातळीपर्यंत पोचतच नाही.

सिम्युलेशनच खोटं असणार. टाइम-स्टेप, म्हणजे गणिताचं एकेक पाऊल, दहापट लहान केली. तीच लाट.

त्या लाटेचा आवाज करून हेडफोनवर ऐकला. घसा बसलेला माणूस काहीतरी सांगू पाहतोय, तसा. समोर तात्यांची रिकामी खुर्ची. हेडफोन काढले तरी ऐकू येत राहिला.

५ मार्च

दोन दिवस शेवटचंच टोक बघत बसले, मूर्ख मी. फिल्टरच्या दोन टप्प्यांच्या मधे मोजलंच नव्हतं. पहिल्या टप्प्याच्या बाहेरच लाट पाच व्होल्टच्या छताला आपटतेय — माथा सपाट. दुसरा टप्पा तो कापलेला माथा गोल करून देतो, म्हणून बाहेर नुसती वाकडी दिसते.

लाट जास्त उसळवणारा टप्पा आधी लावलाय. शांत टप्पा आधी, उसळवणारा नंतर — हे तात्यांनी मला पहिल्या आठवड्यात घोटून घेतलं होतं. टप्पे उलटे केले. भोंगा वाजला.

म्हणजे चूक सर्किटचीच. साहेबांना मी भर सभेत खुनी ठरवलं होतं.

तात्यांच्या लेकीचा फोन तीनदा आला. उचलला नाही. तात्या, तुम्ही असं कसं केलंत?

६ मार्च, सकाळी नऊ

चौकशीला तासभर आहे. कपाटातून सर्किटच्या नकाशाचा मूळ कागद काढला. मागे बदलांची नोंद: ‘बोर्डावर तारांची गुंतागुंत नको म्हणून टप्प्यांची अदलाबदल.’ ऑगस्टची तारीख. तेव्हा तात्या महिनाभर रजेवर होते. अक्षर माझं. नीटनेटकं दिसावं म्हणून केलं आणि विसरून गेले.

पण ‘बदल करणारा’ या रकान्यात सही तात्यांची आहे, शाई माझ्या अक्षराहून नवी.

कागद खिडकीशी धरला. सहीखाली ब्लेडने खरवडलेलं माझं नाव.

तात्यांची लेक दारात उभी आहे. विचारतेय, "भाषण तयार आहे ना, ताई?" कागद तिच्या हातात देते आहे.