घरातल्या सगळ्या फायलींचा एकच पत्ता

३ मार्च
आजपासून घरातल्या फायलींची शिस्त माझ्याकडे. बाबांचा विंडोजचा डेस्कटॉप, ताईचा मॅक, माझा जुना लिनक्सचा लॅपटॉप, आईचा मोबाईल. चौघांची तोंडं चार दिशांना. उपाय एकच: नेटवर्क स्टोरेज. राउटरशेजारी एक खोकं, त्यात सगळं, कुठूनही उघडा. बाबा म्हणाले, इंजिनिअर, आधी सोडलेलं डिप्लोमाचं दुसरं वर्ष उघडून बघा. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
दोन डिस्कवालं खोकं घेतलं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिघांशीही बोलतं. एका डिस्कवर लिहिलं की दुसरीवर तेच आपोआप उमटतं. दुकानदार पुढे म्हणत होता की बॅकअप वेगळा ठेवा. मग दुसरी डिस्क काय शोभेला? आणखी एक वस्तू गळ्यात मारण्याची जुनी युक्ती. मी फसलो नाही.

९ मार्च, सकाळ
खोकं सुरू. मॅकला दिसतं, लिनक्सला दिसतं, विंडोजला दिसत नाही. बाबा म्हणाले, नाही दिसत तेच बरं.

संध्याकाळ
दिसलं. पासवर्ड चुकत होता. कोणाचा, ते लिहिण्याची गरज नाही.

१० मार्च
फर्मान काढलं: फायली खोक्यात टाका, आपापली मशिनं रिकामी करा. ताई म्हणाली, टाकल्या की रे. बाबांनी मान डोलावली. आईला समजावावं लागलं. ती शिवणाचा क्लास घेते. कॉलर कशी कापायची, बाही कशी जोडायची, याचे व्हिडिओ तिने हिवाळाभर खपून केले. एक तारखेपासून नवी बॅच त्यावरच चालणार. तिने विचारलं, मोबाईलमधून पुसलं तरी राहील ना रे? म्हटलं, खोक्यात गेलं म्हणजे तिजोरीत गेलं. तिने माझ्यासमोर पुसलं. विश्वास असावा तर असा.

१७ मार्च
मन विषण्ण. ताईच्या फोल्डरमध्ये जुनी गाणी आणि मांजराचा एक फोटो. मांजरही शेजाऱ्यांचं. तिचं खरं काम पर्समधल्या वेगळ्या डिस्कवर. बाबांच्या फोल्डरमध्ये एकच फाइल, नाव ‘नवीन’, आत काही नाही. त्यांचे कागद पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह चष्म्याच्या डबीत. जाब विचारला तर म्हणाले, अरे, तुझ्यावर विश्वास आहे, खोक्यावर नाही. ताई म्हणाली, माझं उलट आहे. सख्खी माणसं, आणि दाखवायचे दात वेगळे.

१८ मार्च, सकाळ
निर्णय: खोक्याची मांडणी पहिल्यापासून. प्रत्येकाला कुलूपबंद खण, म्हणजे कोणाला सबब उरणार नाही. त्यासाठी डिस्क पुसावी लागते. खोक्याने दोनदा विचारलं, नक्की? आता तेही शंका घेऊ लागलं. दोनदा हो म्हटलं. आईचं सामान दुसऱ्या डिस्कवर आहेच.

दुपार
लिहिलेलं उमटतं तसं पुसलेलंही उमटतं. हे खोक्यावर कुठेही छापलेलं नाही. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, साहेब, सांगत तर होतो. सांगत होता, पण जोर देऊन सांगितलं नाही. दगा तिथेच झाला.

१९ मार्च
हरवलेल्या फायली शोधून देणारं सॉफ्टवेअर चालवलं. बाहीच्या व्हिडिओतला आईचा अंगठा मिळाला. तेवढाच. कोणाशी तरी बोलावं म्हणून ताईला सांगितलं. तिने सरळ आईला सांगितलं. या घरात कोणाजवळ मन मोकळं करायची सोय नाही.

२० मार्च
आईने जेवायला वाढलं. रोजच्यापेक्षा जास्त वाढलं. हे रागावण्यापेक्षा वाईट.

२३ मार्च
आईने पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली. मोबाईल धरायला मी. हात हलवू नकोस, एवढंच म्हणाली. अजिबात हलवला नाही. कॉलर संपल्यावर म्हटलं, आण, खोक्यात टाकतो, आता मांडणी निर्दोष आहे. आईने मोबाईल माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि ताईला दिला. म्हणाली, तुझ्या डिस्कवर घे गं. बाबा म्हणाले, एक प्रत माझ्याकडेही असू दे. तिघं टेबलाभोवती बसून इकडचं तिकडे करत होते. मॅकचं विंडोजला दिसतही होतं. मी खालचे कापडाचे तुकडे गोळा केले.

खोक्यात आता माझ्या एकट्याच्याच फायली. आईचा खण तेवढा ठेवला आहे. त्याला कुलूप लावलेलं नाही.