मैदान सरांना द्यायचे नाही

मी, शिवगंगा गुरुसिद्ध मगदूम, वय वर्षे एकोणतीस, शिक्षण बी.ए., बी.पी.एड., व्यवसाय शाळेत खेळाची शिक्षिका, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे माझे मृत्युपत्र आज माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि पुढच्या आठवड्यात माझ्या आईचे एक मूत्रपिंड मला बसवायचे आहे. डॉक्टर चांगले आहेत, खोटा धीर देत नाहीत, म्हणून हे लिहिणे आले. मला कुणी धाक घातलेला नाही. आग्रह मात्र दोघांनी केला आहे, माझ्या भावाने आणि माझ्या प्रशिक्षकांनी. तो आग्रह मोडण्यासाठीच हा कागद आहे.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात स्थावर, जंगम आणि वारस एवढेच होते, कारणे नव्हती. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. तिचा उपयोग निदान स्वतःचे मृत्युपत्र स्वतःच्या शब्दांत लिहिण्याइतका तरी व्हावा.

कलम १. राहते घर. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पश्चात घरावर आईचे, भाऊ श्रीशैलचे आणि माझे नाव लागले आहे. माझा हिस्सा आईला, श्रीमती शालूबाई यांना, मिळावा. अव्वा, तुझ्याकडून मी जे घेणार आहे त्यापुढे हा हिस्सा म्हणजे काहीच नाही. पण तुझ्या नावावर जास्त भाग असला तर उद्या येणारी सून तुला विचारून चहा टाकेल, एवढाच माझा हिशोब आहे.

कलम २. बँकेतील माझी शिल्लक आईच्या औषधपाण्यासाठी. तिलाही ऑपरेशन आहे, हे सगळे विसरतात. माझी स्कूटी श्रीशैलला. तिचा उजवीकडचा ब्रेक लागत नाही, तो दुरुस्त केल्याशिवाय चालवू नये. पुस्तके शाळेच्या वाचनालयाला. माझ्या साड्या बहुतेक कोऱ्याच आहेत. त्या मावशीच्या मुलींनी वाटून घ्याव्यात.

कलम ३. मैदान. कसबा बावड्यातील माझ्या एकटीच्या नावची मोकळी जागा, जिच्यावर खो-खोचे दोन खांब रोवले आहेत आणि जिथे रोज संध्याकाळी मुली खेळतात, ती जागा दानेश्वरी श्रीकांत तोडकर, राहणार शाहूपुरी, हिला मिळावी. ती माझ्या नात्यातली नाही. ती श्रीशैलला का नाही आणि श्री. कृष्णात रामचंद्र सरवडेकर यांच्या ॲकॅडमीला का नाही, हे लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होणार नाही.

कृष्णात सरांनी मला खेळात आणले हे मी नाकारत नाही. मी सातवीत होते. सर घरी आले, जमिनीवर मांडी घालून बसले, अव्वाने वाढलेली भाकरी आणि झुणका खाल्ला. आप्पा म्हणाले, "हाफ पँट घालून पोरगी पळाय लागली तर समाजात तोंड कुठं दाखवू?" सर म्हणाले, "मगदूम, तोंड मी दाखवतो. तुम्ही फक्त पोरगी पाठवा." तेव्हा मला वाटले होते, पुढारी असावा तर असा. सरांनी मला सूर मारायला शिकवले, खांबाला वळसा घालायला शिकवले. खो मिळाल्याशिवाय जागचे उठायचे नाही, मग समोरून कुणी का पळेना, हेही त्यांनीच शिकवले. ते आजही मी माझ्या मुलींना शिकवते.

पण सरांच्या संघाची एक रीत होती. संघात बारा नावे जायची. नऊ जणी खेळायच्या. उरलेल्या तीन राखीव जागा सर घरच्या म्हणायचे. त्या जागा संघ चालवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांच्या, ओळखीच्या, उपयोगी पडणाऱ्या लोकांच्या मुलींना जायच्या. त्या मुली सामन्याला छान गणवेश घालून बसायच्या, फोटोत असायच्या आणि परीक्षेत खेळाचे वाढीव गुण घ्यायच्या. पळता एकीलाही यायचे नाही. माझ्याबरोबरीने रोज सराव करणारी दानेश्वरी कधीच यादीत आली नाही. तिच्या वडिलांचे शाहूपुरीत छोटे भुसारी दुकान होते, सरांना त्यांच्याकडून काही मिळण्यासारखे नव्हते. नऊ मैदानात, दहावी खेळणारी घरी, आणि कागदावर बारा. सगळ्यांना ठाऊक होते. जिंकत होतो म्हणून कुणी काही बोलत नव्हते.

१९९५ साली राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी सूर मारताना उजवा गुडघा खांबावर आपटला. मी बाजूला येऊन बसले आणि पाणी मागितले. म्हटले, "सर, दुखतंय. पाय टेकत न्हाय." सरांनी बाकावरच्या तिघींकडे पाहिले. त्यांतली एकही आत पाठवण्याजोगी नव्हती हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. त्यांनी माझ्या तोंडात दुखणे मारणाऱ्या दोन गोळ्या घातल्या आणि कानाशी वाकून म्हणाले, "आत्ता उठली न्हाईस तर आयुष्यभर भाकऱ्या थापत बसशील." मी उठले. आम्ही जिंकलो. दानेश्वरी बाकावर असती तर मी बाहेरच बसले असते. कदाचित हरलो असतो. गुडघा मात्र राहिला असता.

त्या गोळ्या मी पुढे बरीच वर्षे खात राहिले. आधी सर द्यायचे, मग दुकानदार द्यायचा. आता डॉक्टर सांगतात की मूत्रपिंडे गेली ती त्याच गोळ्यांनी.

सर त्या विजयानंतर मोठे झाले. पुरस्कार मिळाला. मग ते व्याख्याने देऊ लागले. विषय "मैदानातून व्यवस्थापनाकडे, यशस्वी प्रशिक्षकाचे नेतृत्वाचे धडे". कारखान्यांचे साहेब लोक त्यांना बोलवायचे, फेटा बांधायचे. २००० साली शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांचे व्याख्यान झाले. त्याच फौंड्रीत आप्पा मोल्डिंगला होते. मालकांनी त्या दिवशी सगळ्या कामगारांनाही शेडमध्ये बसवले. पुढचे मला आप्पांच्या शेजारी बसलेल्या पिराजीकाकांनी सांगितले.

सर माइकवर म्हणाले, "मी तिला म्हटलं, बेटा, बस, कप गेला तर गेला. ती म्हणाली, सर, मेले तरी मैदान सोडणार नाही. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, सर, पोरगी मेली तरी चालेल, पण कप आणा. मित्रहो, टीम अशी घडते." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत आप्पा टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"सर, आमच्या घरात फोन न्हाय."

शेडमध्ये हशा झाला. आप्पा बसले नाहीत.

"आणि म्या असलं बोलणार न्हाय. पोरगी माझी हाय ती."

सरांनी क्षणभर आप्पांकडे पाहिले आणि मग माइक तोंडाजवळ घेतला. "बघा, मोठेपणा घ्यायलाही तयार नाही हा माणूस. हाच आपला धडा चौथा, नम्रता." पुन्हा टाळ्या. सुपरवायझरने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवले.

आप्पा घरी आले आणि चपला न काढता उंबऱ्यातच थांबले. विचारले, "मेलो तरी मैदान सोडणार न्हाय, असं म्हणालतीस व्हय तू?"

मी म्हटले, "न्हाय आप्पा. मी पाणी मागितलतं."

"आणि त्यो काय म्हणाला?"

मी सांगितले. त्या महिन्यात आप्पांनी ही जागा बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. ती त्यांनी श्रीशैलच्या घरासाठी घेतली होती, हे मला माहीत आहे आणि श्रीशैलचा माझ्यावरचा राग रास्त आहे. खांब रोवायला आप्पा स्वतः आले होते. म्हणाले, "हितं पोरी खेळव. दुखतंय म्हणली की बसव. जास्तीचं काय करू नको." ते तीन वर्षांनी गेले. आयुष्यभर ज्याने साच्यात लोखंड ओतले त्या माणसाला कुणी कधी नेतृत्वावर बोलायला बोलावले नाही.

आता आग्रहाबद्दल. गेल्या महिन्यात सर दवाखान्यात आले. शहाळी आणली होती. म्हणाले, "शिवगंगे, मैदान ॲकॅडमीच्या नावे कर. गेटवर तुझं नाव घालतो. पुढच्या व्याख्यानात तुझ्या आजारपणाबद्दलही बोलेन. लोकांना स्फूर्ती मिळेल."

मी विचारले, "तो कितवा धडा सर?"

सर हसले. म्हणाले, "अजून तशीच आहेस. जिद्दी."

त्यांना खरेच राग आला नव्हता. आपण काही वाईट केले असे त्यांना वाटतच नाही. याचाच मला जास्त राग आहे.

श्रीशैल त्यांच्या बाजूने आहे. ॲकॅडमीत त्याला सचिव करणार आहेत. पण त्याचे म्हणणे नुसते स्वार्थाचे नाही, म्हणून इथे नोंदवते. तो म्हणाला, "आक्का, सरांचं नाव लागलं की जागा टिकंल. तुझं नाव बावड्याच्या बाहीर कोण वळखतंय? तू गेलीस की म्हैन्यात तिथं म्हशी बांधत्याल." यावर मी बऱ्याच रात्री विचार केला. जिंकणाऱ्या माणसाच्या हातात मैदान टिकते, हे खरे आहे. मुली टिकतात का, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला काल मिळाले.

काल रविवारी आमच्या मुलींचा सामना सरांच्या ॲकॅडमीशी होता. मी मैदानाकडेला रिक्षात बसून पाहत होते. मी आजारी पडल्यापासून सकाळ-संध्याकाळ सराव दानेश्वरी घेते, मधल्या वेळात नवऱ्याबरोबर दुकान पाहते. आम्ही पुढे होतो. शेवटच्या डावात अनुजाचा पाय मुरगळला. आमच्यात सगळ्यात चपळ तीच. ती दानेश्वरीजवळ येऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. मला ऐकू आले नाही, पण काय बोलली असेल ते कळले. दानेश्वरीने हात वर केला, अनुजाला खाली बसवले आणि रक्षिताला आत पाठवले. रक्षिता लहान आहे, पण खेळणारी आहे. आमच्या बाकावर सगळ्या खेळणाऱ्याच असतात. आम्ही एका गुणाने हरलो.

अनुजाची आई बयाबाई मैदानाच्या कडेहून आत आली. "बाई, तुम्ही दुकानात तागडीच धरा. हातातली मॅच घालवली. पोरीला खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरी लागली असती, ती तुम्ही देणार हायसा व्हय?"

दानेश्वरी अनुजाच्या पायाला पट्टी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, कप फुडल्या वर्षी बी येतोय. पाय न्हाय येत."

मग सर आले. त्यांनी दानेश्वरीशी हात मिळवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिचे नाव पहिल्यांदाच घेतले असावे. "दानेश्वरी, लीडरला कधी कधी कठोर व्हावं लागतं."

"झालो की सर," ती म्हणाली. "आजच झालो."

रिक्षा परत फिरवायला सांगितली आणि घरी येऊन मी हे कलम पक्के केले. मी तिला विचारले तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. "मला कशाला? माझ्याकडं एक सर्टिफिकीट न्हाय. उद्या कुणी इचारलं, तू कुठं खेळलीस, तर काय सांगू?" मी म्हटले, या मैदानावर खेळलीस असे सांग, ते तुझ्याच नावावर असेल. मग ती म्हणाली, "बरं."

मैदानाबाबत अटी अशा. जागा विकू नये, तिच्यावर बांधकाम करू नये. ज्या मुलीचे नाव यादीत जाईल ती सरावाला आलेली असावी. यात विश्वस्त, नगरसेवक किंवा माझे नातलग, कुणालाही सूट नाही. कुणाही मुलीला गोळी देऊन खेळवू नये. सरांना मैदानात यायला बंदी नाही. त्यांनी इतर लोकांसारखे कडेला उभे राहून खेळ पाहावा, माइक आणू नये. दानेश्वरीला झेपेनासे झाले तर तिने तिच्यासारखी दुसरी बघावी. ती जिंकणारी असलीच पाहिजे असे नाही.

कलम ४. माझे सुवर्णपदक अव्वाला. दानेश्वरीला देत होते, ती म्हणाली, "मी तिथं न्हवतो." गुडघ्याचे सगळे एक्स-रे आणि मूत्रपिंडांचे रिपोर्ट कृष्णात सरांना द्यावेत. व्याख्यानात स्लाइड दाखवायला त्यांना काहीतरी लागते.

कलम ५. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर सरांना बोलायला लावू नये.

ऑपरेशन नीट होऊन मी जगले तर कलम १ आणि २ मी नव्याने लिहीन. कलम ३ आहे तसेच राहील. मी बरी झाले तरी सरावाची शिट्टी दानेश्वरीकडेच राहावी. मला शिट्टी परत मागायला लाज वाटेल आणि दानेश्वरी ती द्यायला तयार होईल, असे घडू नये म्हणून आधीच लिहून ठेवते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्या समोर सही केली.

स्थळ: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: २० फेब्रुवारी २००६

(सही) शिवगंगा गुरुसिद्ध मगदूम

साक्षीदार
१. पिराजी भाऊ कांबळे, निवृत्त मोल्डर. फौंड्रीतल्या व्याख्यानाचा मजकूर ऐकल्याप्रमाणे बरोबर आहे असे म्हणून सही केली.
२. सौ. बयाबाई केरबा जाधव, अनुजाची आई. सगळे ऐकून म्हणाल्या, "माझं मत अजून तेच हाय, पोरगी खेळली असती तर जिंकलो असतो." तेही लिहायला लावले. मग अनुजाचा पाय अजून सुजलेला आहे का ते पाहायला उठल्या, आणि परत येऊन सही केली.